एका स्वल्पविरामाची गोष्ट



मी कविता लिहितो, पण माझं घर कवितेवर कधी चाललं नाही. ते चाललं मुद्रितशोधनावर. बी.ए. झालो आणि 1992 साली एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो. आमच्याकडे तेव्हा अजून खिळे जुळवले जायचे. कंपोझिटर गॅलीचं प्रूफ काढून द्यायचा, कागदाला ताज्या शाईचा वास असायचा, आणि मी लाल पेन घेऊन बसायचो. काना, मात्रा, वेलांटी आणि सगळ्यात जास्त चकवणारा स्वल्पविराम. आमचे मालक म्हणायचे, "फर्मा मशीनवर चढला, की स्वल्पविराम विसरायचा. त्याच्यासाठी मशीन थांबत नसतं."

हे वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं असतानाच मी बाबासाहेब आंबेडकरांचं ‘जातिभेद निर्मूलन’ वाचलं. मूळ भाषणाच्या आधी त्यात पत्रव्यवहार छापला आहे. तो वाचताना माझ्यासारख्या प्रुफवाल्याला एका जागी थबकावंच लागलं. बाबासाहेबांनी यजमानांना कळवलं होतं, की मी माझ्या भाषणातला एक स्वल्पविरामही बदलणार नाही. आमच्या मालकांचं मशीन स्वल्पविरामासाठी थांबत नव्हतं. इथे एका माणसाने स्वल्पविरामासाठी अख्खी परिषद थांबू दिली होती.

आज मला बोलायचंय ते विचारवंतांच्या जाहीर व्याख्यानांविषयी. समाज कसा असावा, स्वातंत्र्य म्हणजे काय, माणसाचं पुढे काय होणार, अशा मोठ्या विषयांवर माणसं उभी राहून बोलतात आणि आपण समोर बसून ऐकतो, त्या प्रथेविषयी. आणि त्या अनुषंगाने, माझ्याकडून राहून गेलेल्या एका गोष्टीविषयी.

आधी लाहोरची हकीगत सांगतो. लाहोरला ‘जात-पात तोडक मंडळ’ नावाची संस्था होती. नावच सांगतं, की ही जातीच्या बाजूची माणसं नव्हती. बहुतेक सवर्ण, पण सुधारक. डिसेंबर 1935 मध्ये त्यांनी बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं. त्याआधी दोनच महिने, 13 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं होतं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे मंडळाने बोलावलं ते माणूस कोण आहे हे ठाऊक असतानाच. बाबासाहेबांनी आधी आढेवेढे घेतले, मग होकार दिला. भाषण लिहिलं, मुंबईत छापायला टाकलं. एप्रिल 1936 मध्ये मंडळाचे एक गृहस्थ मुंबईला आले, मजकूर घेऊन गेले, आणि मग पत्रं सुरू झाली. भाषण उत्तमच आहे, पण धर्मग्रंथांबद्दलचा तेवढा भाग नको. हिंदू म्हणून हे आपलं शेवटचं भाषण, असं त्यात म्हटलंय, ते नको. थोडं आटोपशीर करता आलं तर बरं.

बाबासाहेबांनी नकार दिला. परिषद झाली नाही. भाषणही झालं नाही. मे महिन्यात त्यांनी ते स्वखर्चाने पुस्तिका म्हणून बाहेर काढलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. न झालेलं हे व्याख्यान आज जवळपास नव्वद वर्षं लोक वाचताहेत. त्या वर्षी लाहोरला आणखी किती व्याख्यानं झाली असतील! त्यातली किती आपल्याला आठवतात?

या गोष्टीतला एक तपशील फारसा कुणी सांगत नाही. त्या जुलैमध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या पुस्तिकेवर लिहिलं. बाबासाहेबांची मांडणी त्यांना मान्य नव्हती, आणि तसं त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण त्याच लेखात त्यांनी मंडळालाही बोल लावला, की तुम्ही लोकांची ऐकण्याची संधी घालवली. सुधारणा करू पाहणाऱ्याने हे भाषण टाळून चालणार नाही, असं लिहिलं. आणि वर, आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे करा, निदान चार आणे तरी, असंही सुचवलं! मत न पटणारा माणूस सांगतोय की पुस्तक स्वस्त करा, म्हणजे जास्त लोक वाचतील. बाबासाहेबांनीही पुढच्या आवृत्तीत गांधीजींचा लेख आणि त्याला आपलं सडेतोड उत्तर, दोन्ही छापलं. भांडण खरं होतं, आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. पण दोघांनाही एक गोष्ट मान्य होती. समोरच्याचं पूर्ण ऐकलं गेलं पाहिजे.

पूर्ण ऐकणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी आमच्या अब्बांनी शिकवलं.

आमचं गाव तालुक्याचं. अब्बा शिंपी. शाळा चौथीपर्यंत. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात मराठी. दुकान वाचनालयाच्या समोरच होतं, आणि वाचनालयाच्या पटांगणात दरवर्षी उन्हाळ्यात व्याख्यानमाला व्हायची. आपल्याकडे हे लोण पुण्याहून आलेलं. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली तिथे वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. लोकांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमावं, कुणीतरी जाणत्याने एका विषयावर बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. तिकीट नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. हळूहळू महाराष्ट्रातल्या कितीतरी लहानमोठ्या गावांनी ही प्रथा उचलली. आमच्या गावात खाली सतरंज्या, मागे खुर्च्यांच्या दोन रांगा, लिंबाच्या झाडाला बांधलेला कर्णा. अब्बा सात वाजता मशीनवर कापड टाकायचे, हात धुवायचे आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बसायचे. कधी विषय समजायचा, कधी नाही. पण बसायचे. मीही शेजारी.

मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. शाहबानो प्रकरणाचे दिवस. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 23 एप्रिल 1985 चा, आणि पुढच्याच वर्षी संसदेने तो फिरवणारा कायदा केला. त्या मधल्या काळात सगळीकडे तोच विषय होता. आमच्या व्याख्यानमालेत एक मुसलमान वक्ते आले, मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणारे. मोहल्ल्यातून त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लोक आले होते. वक्त्यांनी निकालाची बाजू घेतली. आपल्याच समाजाला चार शब्द सुनावले. दहा मिनिटांत आमच्या बाजूची सतरंजी रिकामी व्हायला लागली. एकाने जाताना अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला, चला म्हणून. अब्बा हलले नाहीत. पलीकडच्या बाजूने टाळ्या पडत होत्या. काही टाळ्या भाषणाला होत्या, काही उठून जाणाऱ्यांना. ते तेव्हाही मला कळत होतं, आणि अब्बांनाही कळत असणार. टाळ्या वाजवायलाही त्यांचे हात उचलले गेले नाहीत. मान खाली घालून ते ऐकत राहिले.

घरी येताना मी विचारलं, "तुम्हाला पटलं?"

"नाही. सगळं नाही पटलं."

"मग बसलात का?"

अब्बा म्हणाले, "उनका बोलना कां हुआ था? बोलना होने से पहले कैसा उठना?"

एवढंच. पण त्या व्याख्यानातला एक आकडा त्यांच्या डोक्यात राहिला. शाहबानोंना उच्च न्यायालयाने महिन्याला पोटगी मंजूर केली होती 179 रुपये 20 पैसे. आमच्या गावात तेव्हा शर्टाची शिलाई बारा रुपये. दुसऱ्या दिवशी मशीन चालवता चालवता अब्बा मध्येच म्हणाले, "पंधरा शर्ट." मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "बाईला महिन्याचे पंधरा शर्ट द्यायचे नाहीत, म्हणून एवढा गलका." पुढे त्यांनी कधी कुणाशी त्यावर वाद घातला नाही. पण दोन वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा निकाह ठरला, तेव्हा मेहेरची रक्कम त्यांनी आकड्यात आणि अक्षरात लिहून घेतली. निकाहनाम्याची एक प्रत मागून घेतली आणि कागदपत्रांच्या पेटीत ठेवली. त्याआधी आमच्या घरात अशी प्रत कुणी मागितली नव्हती. व्याख्यानाचा परिणाम झाला की नाही, हे टाळ्यांवरून कधीच कळत नाही. ते असं दोन वर्षांनी, पेटीत सापडतं.

व्याख्यानाला गर्दी आपल्या आवडीचं ऐकायला येते, आणि खरा विचारवंत नेमकं नावडतं बोलतो. ही अडचण जुनी आहे. कवी म्हणून मला रवींद्रनाथ टागोरांची जपानची सफर नेहमी आठवते. 1913 साली नोबेल मिळालं होतं. आशियाचा पहिला मानकरी म्हणून 1916 मध्ये ते जपानला गेले, तेव्हा स्वागताला लोटलेली गर्दी पाहून तेही चकित झाले. जपान त्या काळी भरात होता. रशियाला हरवून दहा-अकरा वर्षं झाली होती. पाहुणा आपलं कौतुक करील, अशी अपेक्षा असणार. रवींद्रनाथांनी कौतुक केलंही, जपान्यांच्या सौंदर्यदृष्टीचं. आणि मग टोकियोच्या विद्यापीठात बोलताना बजावलं, की पश्चिमेकडून विज्ञान घ्या, पण राष्ट्रवादाचं यंत्र घेऊ नका, ते माणसालाच दळून काढील. स्वागताचा उत्साह ओसरला. पराभूत देशाचा कवी, त्याला काय कळतंय, असं काही जण म्हणाले. पुढच्या तीस वर्षांत त्या यंत्राने आशियाचं आणि खुद्द जपानचं काय केलं, ते आपण जाणतो. मला यात रवींद्रनाथांची भविष्यवाणी मोठी वाटत नाही. त्यांच्या गळ्यात हार होते, समोर यजमान होते, आणि तरीही ते बोलले, हे मोठं वाटतं.

आणि कधी कधी यजमानही मोठे निघतात. लाहोरनंतर सात वर्षांनी, 18 जानेवारी 1943 रोजी, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात बाबासाहेबांचं व्याख्यान झालं. निमित्त रानड्यांच्या 101 व्या जयंतीचं. बोलावणारी संस्था डेक्कन सभा, खुद्द रानड्यांनी 1896 साली काढलेली. बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय, की जायला मन फारसं तयार नव्हतं. रानड्यांवर बोलायचं म्हणजे समाज आणि राजकारण आलंच, आणि माझी मतं श्रोत्यांना, कदाचित सभेच्या सभासदांनाही, रुचणार नाहीत. तरी ते गेले, आणि आडपडदा न ठेवता बोलले. रानड्यांना त्यांनी थोर म्हटलं, ते कसोटी लावून. समाजसुधारणेवाचून राजकीय स्वातंत्र्याचा पाया पक्का होत नाही, हे रानड्यांचं म्हणणं त्यांनी उचलून धरलं. आणि त्याच व्यासपीठावरून, ऐन 1943 मध्ये, गांधीजी आणि जीना या देशातल्या दोन सर्वांत लोकप्रिय पुढाऱ्यांच्या अहंकारावर आणि विभूतिपूजेवर कडक टीका केली. वर्तमानपत्रांनी झोडपलं. पण व्याख्यान पूर्ण झालं. पुण्याने ते पूर्ण होऊ दिलं. लाहोरच्या आणि पुण्याच्या यजमानांत हाच फरक. मतं दोघांनाही जड गेली असतील. एकांनी मजकूर आधी वाचून कात्री मागितली, दुसऱ्यांनी खुर्ची सोडली नाही.

आता मी बोलतोय ते रेडिओवर, तेव्हा रेडिओचंही सांगितलं पाहिजे. बीबीसीने 1948 साली वार्षिक व्याख्यानमाला सुरू केली, रीथ व्याख्यानं. पहिले वक्ते होते बर्ट्रांड रसेल. विषय, सत्ता आणि व्यक्ती. एकूण सहा व्याख्यानं. समाजाला बांधून ठेवायला सत्ता किती लागते आणि माणसाला नवं काही करायला मोकळीक किती लागते, याचा मेळ कसा घालायचा, हा त्यांचा प्रश्न होता. याच रसेलना पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, युद्धविरोधी लेखनासाठी त्याच देशाच्या सरकारने तुरुंगात टाकलं होतं. तीस वर्षांनी त्याच देशाच्या रेडिओने त्यांच्यासमोर ध्वनिक्षेपक ठेवला. देश शहाणा होतो तो असा, उशिरा का होईना.

आणि आपल्या आकाशवाणीवर, 3 ऑक्टोबर 1954 रोजी, बाबासाहेब बोलले. विषय होता, माझं जीवनविषयक तत्त्वज्ञान. भाषण अगदी छोटं आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असं त्यांनी सांगितलं. पुढे जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वातंत्र्य आणि समता यांना कायद्याचं संरक्षण आहे, पण कायद्याच्या भरवशावर राहता येत नाही. कायदा मोडणारा मोडतो. खरी राखण करते ती बंधुता. संविधानाचा मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला, तो माणूस पाचच वर्षांत सांगत होता, की नुसत्या कायद्याने भागणार नाही.

बंधुता म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ असतील. मला ती सतरंजीच्या कडेला दिसली होती. पटत नाही, शेजारची जागा रिकामी होतेय, पलीकडचे टाळ्या वाजवताहेत, आणि एक शिंपी बसून आहे. का? तर समोरच्याचं बोलणं अजून संपलेलं नाही.

आता माझं सांगतो.

2014 साली मला एका व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं. कुठली, ते सांगत नाही. माणसं चांगली होती, अजूनही आहेत. एरवी मला बोलावणं येतं ते ठरावीक विषयांवर. राष्ट्रीय एकात्मता, सूफी संत, नाही तर शेख महंमद. या विषयांवर माझं प्रेम आहे, पण मुसलमान कवीला गावातल्या पाण्यावर किंवा मराठी व्याकरणावरही काही म्हणायचं असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. या वेळी विषय होता, ‘स्वातंत्र्य आणि उद्याचा माणूस’. मी हरखलो. महिनाभर खपून भाषण लिहिलं. स्मरणिकेत छापायचं म्हणून त्यांनी मजकूर आधी मागवला. चार दिवसांनी फोन आला. "सर, भाषण फार सुंदर आहे. फक्त तेवढा एक परिच्छेद राहू द्या का? आपलेच श्रोते आहेत. उगाच दुखावतील." मी म्हटलं, विचार करतो. त्याच आठवड्यात माझा चुलतभाऊ घरी आला. त्याला मी कौतुकाने भाषण वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भाईजान, हा दुसरा परिच्छेद कशाला? घरचं चव्हाट्यावर कशाला?"

लाहोरची गोष्ट मला पाठ होती. त्या पत्रांची प्रुफंसुद्धा एकदा मीच वाचली होती. आणि मी दोन्ही परिच्छेद काढले. स्वल्पविराम नव्हे, परिच्छेद. मनाची समजूत काढली, की बाकीचं भाषण पोहोचणं महत्त्वाचं. व्याख्यान छान झालं. शाल, श्रीफळ, टाळ्या, आभारप्रदर्शन. प्रश्नांसाठी चिठ्ठ्या मागवल्या, एकही आली नाही. परतीच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं, की कुणाला प्रश्न पडावा असं मी काही बोललोच नव्हतो.

ते दोन परिच्छेद आज सांगतो.

पहिला असा होता. छापखाना जिल्ह्याच्या गावी हलला, तेव्हा मी भाड्याने घर शोधत होतो. सात घरं पाहिली. मराठी बोलण्यावरून माझं आडनाव ओळखू येत नाही. घर दाखवताना सगळे मोकळेपणी बोलायचे. नाव सांगितलं, की "अहो, आत्ताच एकांना शब्द दिला." सगळे सभ्य होते. एका घरी तर माझी कविता माहीत होती. त्यांनी चहा पाजला, कवितेबद्दल दोन चांगले शब्द बोलले, आणि घर नाही म्हणाले. ते गृहस्थ त्या व्याख्यानमालेत दरवर्षी पहिल्या रांगेत बसतात. मला त्यांच्यावर राग काढायचा नव्हता. मला एवढंच म्हणायचं होतं, की उद्याच्या माणसावर आपण तासभर बोलू, पण आजच्या माणसाने राहायचं कुठे, ते आधी ठरवू या.

दुसरा परिच्छेद माझ्याविरुद्ध होता. अब्बा 2003 मध्ये गेले. मागे घर आणि दुकानाची जागा. आमच्या धर्माच्या कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. निम्मा का, यावर वाद घालायचा तो घालू, पण निम्मा तर लिहिलेला आहे! आम्हा भावांनी काय केलं? सगळ्या महाराष्ट्रात, सगळ्या जातिधर्मांत जे करतात, तेच केलं. हक्कसोडपत्र. दोन्ही बहिणींना बोलावलं, जेवण केलं, साड्या दिल्या आणि सह्या घेतल्या. कागदाचा मजकूर मी स्वतः तपासला. त्यात एक चूक राहू दिली नाही. ज्या माणसाने मुलीच्या मेहेरचा आकडा अक्षरात लिहून घेतला होता, त्याच्या मुलाने तिच्या वाट्याचा आकडा कागदावर येऊच दिला नाही. दर निवडणुकीत आमच्याकडे ‘शरियत खतरे में’ अशी हाक कुणी ना कुणी देतो. बहिणीचा वाटा बुडवताना ती खतऱ्यात येत नाही का, असं मला विचारायचं होतं. आधी स्वतःला, मग इतरांना.

असे ते दोन परिच्छेद. एक पलीकडच्यांना न आवडणारा, एक अलीकडच्यांना. दोन्ही काढल्यावर जे उरलं ते कुणालाच बोचलं नाही, आणि म्हणून कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

आज व्याख्यानं कमी झालीत असं नाही. उलट जगातला कुठलाही विचारवंत तुमच्या खिशातल्या फोनवर आहे. पण फोनवर मी एकटा असतो. नावडलं की अंगठा फिरवतो. आणि मी कशावर अंगठा फिरवला, हे फोन लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी ते दाखवतच नाही. पटांगणात असं नव्हतं. उठून जायचं तर शेजाऱ्याच्या पायावरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जावं लागायचं. त्या संकोचाने कितीतरी माणसं पाच मिनिटं जास्त बसली असतील, आणि त्या पाच मिनिटांत काहीतरी कानावर पडलं असेल. माणसाच्या भविष्यावर मला विचाराल, तर मी एवढंच सांगू शकेन. न पटणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत बसण्याची सवय राहिली, तर बाकीचं जमेल. ती गेली, तर भाषणं होत राहतील, फक्त जो तो आपापल्या सतरंजीवर असेल.

या भाषणाचा मजकूरही मला आधी द्यावा लागला. रेडिओची ती पद्धतच आहे. फोन आला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी विचारलं, "वेळेत बसेल ना?" बाकी काही नाही.

आणखी एका माणसाला मी तो आधी ऐकवला. आपाला. फोनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती आता सत्तरीकडे झुकली आहे. मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. वाचून संपल्यावर मी विचारलं, "ऐकतेस ना?"

ती म्हणाली, "ऐकलं सगळं. हिशेबाला कधी बसायचं, ते सांग. छोटीलाही घेऊन येते."

तारीख ठरली आहे.